मशीनची दृष्ट

नारळ माझ्या हातात दिला नाही. पायरीखाली जमिनीवर ठेवला आणि हेडक्लार्क दोन पावलं मागे सरले.

नारळाला कुंकू फासलेलं होतं. बाजूला पत्रावळीवर मूठभर तांदूळ आणि कापलेलं लिंबू. कॉलेजच्या ऑफिसात आलेल्या, एका पानाच्या शेकडो प्रती काढणाऱ्या नव्या सायक्लोस्टाइल मशीनवरून हे सगळं ओवाळून झालं होतं. मशीनला लागलेली दृष्ट आता त्या नारळात उतरली होती. हा उतारा गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचा. आमच्या भागात हे काम महाराचं.

"उचल रे. शिवेर ठेवन ये. मागे वळान बघू नको," हेडक्लार्क म्हणाले. सगळे त्यांना नाना म्हणत.

मी इस्त्रीची पँट घातली होती. सदऱ्याच्या खिशाला पेन होतं. ज्या मशीनची दृष्ट काढली, ते चालवायला कॉलेजने मलाच नेमलं होतं. नेमणूक होऊन आठवडाही झाला नव्हता.

मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे बघितलं. पुण्याहून आलेला माणूस. आल्या दिवसापासून 'आधुनिक', 'आधुनिक' करणारा. ते मशीनबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक वाचत होते. पान उलटत नव्हते, पण मानही वर करत नव्हते.

मी वाकलो. उचललं.

त्या मशीनचं खोकं पावसाआधीच्या शेवटच्या मुंबईच्या बोटीने आलं होतं. बंदराबाहेर बोट थांबली, खोकं पडावात उतरवलं, पडाव हेलकावे खात धक्क्याला लागला. तिथून टेकडीवरच्या कॉलेजपर्यंत ते आमच्याच वाडीतल्या माणसांनी डोक्यावरून नेलं. खोक्याला आमचा विटाळ झाला नाही. ऑफिसात आणून टेकवेपर्यंत कोणी 'बाजूक हो' म्हटलं नाही. ओझं वाहताना आम्ही सगळ्यांना चालतो.

कॉलेज नवं होतं. त्याआधी मॅट्रिक झालेल्या पोरांना रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागायची. गावातल्या बड्या मंडळींनी एक जुनी वखार घेतली, भिंतींना चुना मारला आणि कॉलेज सुरू केलं. सगळ्या नोटिसा नाना हाताने लिहायचे. अक्षर खरंच मोत्यासारखं. एकच नोटीस दहा वेळा लिहिताना ते दर वेळी तितकाच वेळ घ्यायचे. मशीन येणार कळलं तेव्हा नानांना घरात सवत येतेय असं वाटलं असणार. पण सवत झाली तरी सोन्यानाण्याने मढलेली. तिची पूजा केली नाही तर लोक काय म्हणतील?

मी हे काम मुंबईत मामाकडे राहून शिकलो होतो. टायपिंगच्या क्लासात सायक्लोस्टाइल पण शिकवायचे. बाबा आजारी पडले म्हणून परत आलो. कॉलेजात जागा निघाली तेव्हा माझ्याबरोबर आणखी एक जण आला होता, गावच्या गावकरांचा, म्हणजे देवाचा मान असलेल्या मानकऱ्यांचा भाचा. त्याने शाईची बाटली बघितली आणि विचारलं, "हात काळे होतात काय?" होतात म्हटल्यावर तो चहा पिऊन निघून गेला. अशी मला नोकरी मिळाली. कोणाला नको होती म्हणून मिळाली, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आनंदात होतो.

पहिल्याच दिवशी मशीनमध्ये कागद अडकले. पावसाळ्याचे दिवस, हवा ओली, कागद ओला. मी म्हटलं, कागद चुलीच्या उबेला ठेवू. नानांनी मान हलवली. "कोणाची तरी नजर लागली," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गावकर आले आणि मशीनपुढे हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! आज ह्या कॉलेजात ही नवीन मशीन इली आसा. तिका कोणाची वायट नजर लागली आसात, तर ती भायरच्या भायर काढ रे महाराजा!"

"होय महाराजा!" शिपाई, प्राध्यापक, नाना, सगळे एका सुरात म्हणाले.

आणि मग तो नारळ पायरीखाली आला.

उतारा घेऊन मी टेकडी उतरलो. गावाची शीव आमच्या वाडीच्या पलीकडे. गाव आपली पीडा जिथे टाकतं, त्याच्या अलीकडे आम्हाला राहायला जागा दिलेली. म्हणजे मला तो नारळ घेऊन माझ्याच घरावरून जायचं होतं.

माझी बहीण शेवंता अंगणात मासळी साफ करत होती. मॅट्रिकच्या वर्गात होती ती तेव्हा. तिने वर बघितलं. माझ्या पँटकडे बघितलं. हातातल्या पत्रावळीकडे बघितलं.

"दादा, ता काय?"

मी थांबलो नाही. चालत राहिलो. पुढे जाऊन शिवेवरच्या धोंड्यापाशी ते सगळं ठेवलं आणि तिथेच बसलो. हात मातीत घासत राहिलो. लाज नव्हे ती. लाज कळण्याच्या पलीकडचं काहीतरी होतं.

परत आलो तर बाबा खाटेवर उठून बसले होते. आम्ही बौद्ध झालो तेव्हा याच माणसाने घरातले देव टोपलीत भरून खाडीत सोडले होते. मेलेली गुरं ओढायची नाहीत, उतारे न्यायचे नाहीत, असं वाडीने ठरवलं तेव्हा हाच पुढे होता. गावाने मग वर्षभर आम्हाला आंब्याच्या बागेत कामाला बोलावलं नाही. वाडीने पेज पिऊन वर्ष काढलं, पण कोणी गेला नाही.

"आमी देव खाडयेत बुडयले," बाबा म्हणाले, "आणि तू हेंचो नारळ घेवन फिरतंस?"

"नोकरी जातली, बाबा."

"जांवदे."

ते परत आडवे झाले. औषधाची बाटली उशाशी होती. ती माझ्या पगारातून आलेली. शेवंता पुढे शिकणार होती, तेही माझ्या पगारावर. मी नोकरी सोडली नाही.

कागद चुलीपाशी सुकवले आणि मशीन झरझर चालायला लागलं. नाना सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, दृष्ट काढली तशी गेली!"

मशीन मला मात्र मनापासून आवडायचं. खोटं कशाला बोलू? मेणकागदाचं स्टेन्सिल रोलरवर ताणून बसवायचं, हँडल फिरवायचं आणि एकाच्या मागे एक पान बाहेर पडताना बघायचं. सगळी सारखी. गावकरांच्या पोराच्या हातात जाणारं पान आणि वाडीतल्या पोराच्या हातात जाणारं पान, एकाच शाईचं. मला वाटायचं, हे यंत्र गावात आलं म्हणजे आता सगळं हळूहळू तसंच होणार. वेडा होतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात कॉलेजची अडचण झाली. पोरं कमी पडली. विद्यापीठाची कमिटी यायची होती आणि वर्ग रिकामे दिसले तर मान्यता जाणार होती. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला आत बोलावून एक पत्रक तोंडी सांगितलं. मी ते स्टेन्सिलवर टाइप केलं. त्यात एक ओळ होती: 'जातिधर्माचा कोणताही भेद न करता सर्वांस प्रवेश.' ती ओळ टाइप करताना माझी बोटं जरा जोरात पडली. स्टेन्सिलला तिथे भोक पडायची वेळ आली.

"प्राध्यापक मंडळी गावात फिरतील," साहेब म्हणाले. "तू तुमच्या वस्त्यांवर जा. तुमच्या मुलांची फी सरकार भरतं. त्यांना काय अडचण आहे?"

मी गेलो. पायी गेलो. मसुऱ्याला गेलो, मिठबावला गेलो. मे महिन्याचं ऊन, तांबडी धूळ, काखेत पत्रकांचा गठ्ठा. वाड्यांवर मॅट्रिक झालेला पोरगा म्हणजे पाऱ्यासारखा. आज इथे, उद्या मुंबईला. गोदीत नाहीतर गिरणीत चिकटायच्या आत त्याला धरायचं. बाप म्हणायचे, शिकान काय कलेक्टर होतलो? मी तासन्‌तास बोलायचो. घसा बसायचा.

मसुऱ्याच्या वाडीत एक म्हातारी होती. लेक आणि सून तापात गेलेले, एक नातू उरलेला. नातू मॅट्रिक पास झाला होता. तिने पत्रक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला.

"हेच्यात माझ्या नातवाचा नाव आसा?"

"अजून नाय, आजये. पण घालूक येता."

"थंय तेका भायर बसवचे नाय मां?"

"नाय. ह्या बघ, छापलेला आसा," मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं.

तिला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या काळ्या बोटाकडे बघितलं आणि मान डोलावली.

जूनमध्ये मी पाच पोरं आणि एक पोरगी घेऊन कॉलेजात आलो. पोरगी म्हणजे शेवंता. म्हातारीचा नातू त्यात होता. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि मग टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

कमिटी आली त्या दिवशी आमच्या पोरांना पहिल्या बाकावर बसवलं. शेवंताला तर अगदी मधोमध. कमिटीतल्या एका गृहस्थांनी तिला नाव विचारलं, ते खूश झाले, साहेबांना म्हणाले, "उत्तम काम चालवलंय." मान्यता मिळाली. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शेवंता वर्गात गेली तर तिची जागा मागच्या खिडकीपाशी होती. पोरं दाराजवळच्या बाकावर. पाण्याच्या माठापाशी शिपाई उभा, आमच्या पोरांना वरून पाणी ओतायला. गरज सरो, वैद्य मरो.

"दादा," शेवंता घरी आल्यावर म्हणाली, "काल आमी पावण्यांसाठी काढलेली भांडी होतो. पावणे गेले, परत फळयेर."

ती हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली.

मान्यतेबरोबर कॉलेजला थोडं बळ आलं. परीक्षेचे पेपर, वेळापत्रकं, शेजारच्या शाळांची कामंसुद्धा आमच्याकडे यायला लागली. आणखी मोठं मशीन मागवलं. ते आलं, व्हरांड्यात खोक्यात ठेवलं. या वेळी काही अडकलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. पण नाना म्हणाले, आधीच काढलेली बरी. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

सगळं कॉलेज व्हरांड्यात जमलं. पोरंही. पत्रावळ ओवाळली. नारळ ऑफिसच्या पायरीखाली, त्याच जागी ठेवला. गावकरांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा! ह्या मशीनीक कोणाची नजर लागाची नाय, ह्या कॉलेजात चार पोरां वाडतली, अशा कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि हो उतारो न्हेवचो ज्येचो मान आसा, तेना तो शिवेपार न्हेवचो रे महाराजा!"

सगळ्यांनी श्वास घेतला होता. त्यांचं 'होय' बाहेर पडायच्या आत मी बोललो.

"नाय महाराजा."

मोठ्याने बोललो नव्हतो. पण गाऱ्हाण्यात 'नाय' कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. गावकरांचे जोडलेले हात तसेच राहिले. वाक्य पुढे कसं न्यायचं, ते त्यांना कळेना.

नाना म्हणाले, "अरे, ह्यो तुमचो मान. तुजो बापूस न्हेय होतो. तुजो आजो न्हेय होतो."

"मान आसा तर तुमी घेवा."

"जड जायत हां तुका. तुज्या भयणीक फी माफ आसा, ह्या इसरू नको."

शेवंता पोरांच्या गर्दीत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती गर्दीतून पुढे आली. क्षणभर मला वाटलं, माझ्यासाठी ही वाकणार. ती नारळाला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. हात मागे बांधून उभी राहिली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ, मलाही यातलं काही पटत नाही. पण संस्था चालवायची तर लोकांना बरोबर घेऊन जावं लागतं."

"साहेब, मी लोकांतला नाही का?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसती माडांची झाडं होती. त्या नारळापेक्षा मला हे जास्त लागलं. नानांवर माझा राग होता, साहेबांवर माझा विश्वास होता.

आता गंमत सांगतो. उतारा ठेवला की तो नेल्याशिवाय ओलांडायचा नसतो. ओलांडणाऱ्याला दृष्ट लागते. नारळ ऑफिसच्या पायरीखाली आणि ऑफिसचं पुढचं दार तेवढंच. मग काय? नाना मागच्या दाराने यायला लागले. शिपाई मागच्या दाराने. प्राध्यापक मागच्या दाराने. मागच्या दाराकडे मुतारी आणि चिखल. धोतराचे काठ वर धरून सगळे विद्वान त्या चिखलातून जायचे.

आणि एका सकाळी मी बघितलं, प्रिन्सिपॉलसाहेब टेकडी चढून आले, पुढच्या पायरीपर्यंत आले, थबकले. इकडेतिकडे बघितलं. मग वळले आणि बूट चिखलात घालत मागच्या दाराने आत गेले. तेच साहेब, ज्यांना यातलं काही पटत नव्हतं.

पुढच्या दाराने मी एकटा जायचो. नारळ ओलांडून. रोज.

मागच्या अरुंद दारातून नवं मशीन आत नेता येईना. खोकं व्हरांड्यात खाऱ्या वाऱ्यात पडलेलं. तांदळाला मुंग्या लागल्या, लिंबू काळं पडलं. माझ्या वाडीतल्या प्रत्येकाला नानांनी निरोप धाडला. पैसे देतो म्हणाले, दारू देतो म्हणाले. कोणी आलं नाही. बाबा खाटेवरून सगळी खबर विचारून घ्यायचे. त्या दिवसांत त्यांनी दोन घास जास्त खाल्ले. मला वाटलं, जिंकलो.

मग एका दुपारी टेकडीवर म्हातारी दिसली. मसुऱ्याची. उन्हातून चालत आलेली, डोक्यावर पदर, पाय धुळीने तांबडे. ती ऑफिसच्या पुढे आली आणि नारळापाशी थांबली. मी धावत बाहेर आलो.

"आजये, नको! हात लावू नको!"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"नातवाचा नाव काढतले म्हणान सांगणा इला, पुता. तूच घातलंस मां ता नाव?"

ती वाकली. नारळ, कुजलेलं लिंबू, मुंग्यांसकट तांदूळ, सगळं पदरात घेतलं. समोरच्या वर्गाच्या दाराजवळच्या बाकावरून तिचा नातू बघत होता. शिकवणारे प्राध्यापक खडू हातात धरून थांबले होते. म्हातारी वळली आणि टेकडी उतरायला लागली. उतारा नेताना मागे बघायचं नसतं, म्हणून तिने नातवाकडेही बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी पुढचं दार सताड उघडलं आणि मशीन आत गेलं.

मला काढून टाकलं. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, असं कारण दिलं. गावकरांचा भाचा माझ्या जागेवर आला. हात काळे होतात काय, हे आता त्याने विचारलं नाही. आता ती कॉलेजातली चांगली नोकरी झाली होती. शेवंताची फी-माफीची कागदपत्रं ऑफिसातून पुढे गेलीच नाहीत. परीक्षेच्या वेळी तिला सांगितलं, पूर्ण फी भर नाहीतर बसता येणार नाही. आमच्याकडे कुठून येणार? ती आता वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात जाते. काजूच्या टरफलाचा चीक बोटं जाळतो. तिची बोटं काळी झाली आहेत. माझी शाई निदान रॉकेलने तरी निघायची.

बाबा त्या पावसाळ्यात गेले. जाईपर्यंत मला एक शब्द बोलले नाहीत की असं का केलंस. म्हातारीबद्दल मात्र रोज बोलायचे. शिव्या घालत नव्हते. "तिका कोणी सांगाक होया होता," एवढंच म्हणायचे.

ते माझ्या डोक्यातून जात नाही. तिला कोणी सांगायला हवं होतं. मीच तर गेलो होतो सांगायला. मी काय सांगितलं? छापलेली ओळ वाचून दाखवली. त्यांनी सांगितलेलं, मी टाइप केलेलं, मशीनने उमटवलेलं. यंत्र तर बिचारं जे घालाल ते छापतं. सगळ्यांना सारखं छापतं म्हणून मी भुललो होतो.

आता मी धक्क्यावर बोटीचा माल उतरवतो. खोकी वाहतो. मे महिन्यात मॅट्रिकचा निकाल लागला की अजूनही वाड्यांवर जातो. कॉलेजने पाठवलेलं नसतं. काखेत पत्रक नसतं. कॉलेज सुधारेल असं मला वाटत नाही. माझ्या हयातीत तर नाहीच. तरी जातो. पोराला समोर बसवतो, आईला बसवतो, आजी असेल तर तिलाही बसवतो, आणि जे आहे तेच सांगतो.

"थंय तुका भायर बसवतले. पाणी वरसून ओततले. तरी जा. बाक सोडू नको. आणि जमनीर ठेवलेला काय एक उचलू नको. तूय नको, तुज्या घरातल्या कोणीय नको."

परवा एका आईने विचारलं, "आणि नाव काढल्यानी तर?"

"काढतले," मी म्हटलं. "मगे परत घालूचा."